मी लिहिले ते खरे आहे, मग नोटीस कशाची?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

महाराष्ट्रातील एका खासगी, विनाअनुदानित शाळेत मुलगी शिकत असलेल्या एका पालक भगिनींचे हे पत्र आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा सारांश देत आहोत. शाळेच्या बसमध्ये आसनांपेक्षा कितीतरी अधिक मुले बसवली जातात आणि मुलांची चढ-उतार पाहणारे मदतनीस नसतात, हे त्यांनी अनेकदा पाहिले. तोंडी तक्रारींचा उपयोग झाला नाही, तेव्हा त्यांनी छायाचित्रासह फेसबुकवर पाच वाक्यांची पोस्ट लिहिली आणि तीच पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. ग्रुपच्या अ‍ॅडमिनने ती काढून टाकली. काही दिवसांत संस्थेच्या अध्यक्षांच्या वकिलाची नोटीस आली : पोस्ट काढा, सोबतच्या मसुद्याप्रमाणे जाहीर माफी मागा, ५० लाख रुपये भरपाई द्या, अन्यथा दिवाणी आणि फौजदारी कारवाई करू. पती म्हणतात, सगळे पुसून टाक आणि माफी मागून मोकळी हो. महाविद्यालयात शिकणारा मुलगा म्हणतो, समाजमाध्यमांवर लिहिल्याबद्दल अटक करणारा कायदाच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आहे, एक अक्षरही बदलू नकोस. त्या विचारतात : ‘मी लिहिले ते खरे आहे. मग संविधानाने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य माझ्या उपयोगाचे आहे की नाही? आणि ग्रुपवरून माझी पोस्ट काढणे ही गळचेपी नव्हे का?’

उत्तर

तुमचे पती आणि तुमचा मुलगा यांचे मत एकमेकांच्या विरुद्ध दिसत असले, तरी दोघांनी एक गोष्ट सारखीच गृहीत धरली आहे. तुमची पोस्ट ही एक अखंड वस्तू आहे, ती एक तर जशीच्या तशी ठेवायची किंवा संपूर्ण मागे घ्यायची, असे दोघेही मानतात. कायदा ती तशी वाचत नाही. तुम्ही पत्रासोबत पाठवलेली पाच वाक्ये कायद्याच्या दृष्टीने पाच वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी काहींच्या मागे संविधान भक्कमपणे उभे राहते, एका वाक्याच्या मागे ते तुम्ही पुरावा दाखवलात तरच उभे राहील, आणि एक वाक्य तुमच्या मूळ तक्रारीलाच मारक ठरणारे आहे.

आधी हक्काची चौकट पाहू. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने त्यावर ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभा राज्याला दिली आहे. हे निर्बंध कोणत्या कारणांसाठी घालता येतात त्याची यादी तेथेच आहे : भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधास चिथावणी. यांतील सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रसंबंध आणि चिथावणी ही कारणे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली, आणि निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत ही अटही तिनेच घातली. सार्वभौमता व एकात्मता १९६३ मध्ये आली. अब्रुनुकसानी मात्र १९५० च्या मूळ मजकुरातच होती. म्हणजे दुसऱ्याच्या लौकिकाला इजा करणाऱ्या मजकुराला या हक्काचे कवच आपोआप मिळेल, असे वचन आपल्या संविधानाने कधीच दिलेले नाही. या यादीची एक जमेची बाजूही आहे. ती बंदिस्त आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की यादीबाहेरचे कारण काढून या स्वातंत्र्यावर आणखी निर्बंध लादता येणार नाहीत. ‘संस्थेला वाईट वाटले’ हे कारण यादीत नाही.

तुमचा मुलगा ज्या निकालाचा आधार घेतो तो २०१५ चा श्रेया सिंघल प्रकरणातील निकाल आहे. त्याने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. त्या कलमात ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असे सैल शब्द होते, आणि २०१२ मध्ये पालघर येथे एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना झालेली अटक या प्रकरणाच्या मुळाशी होती. निकाल मोलाचा आहे. परंतु न्यायालयाने एक कलम रद्द केले. समाजमाध्यमावर लिहिलेल्या मजकुराला इतर सर्व कायद्यांतून सूट दिली नाही. त्यानंतर पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात याच न्यायालयाने फौजदारी अब्रुनुकसानीचा कायदा घटनेशी सुसंगत ठरवला. अब्रूच्या प्रश्नासाठी तुरुंगवासाची तरतूद असावी का, याबद्दल माझ्या मनात गंभीर शंका आहेत आणि त्या अनेक कायदेतज्ज्ञांच्याही मनात आहेत. पण आजचा कायदा तोच आहे आणि तुम्हाला आलेली नोटीस त्याच कायद्याच्या भाषेत लिहिलेली आहे.

आता तुमची वाक्ये. पहिले वाक्य सांगते की अमुक मार्गाच्या बसमध्ये ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक मुले बसवली जातात आणि मदतनीस नसतात. हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, त्याचे छायाचित्र आहे, इतर पालकही ते पाहू शकतात. दुसरे वाक्य म्हणते की अशी बस चालवणे म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ आहे. हे मत आहे, कडक आहे, पण पहिल्या वाक्यातील वस्तुस्थितीवर उभे आहे आणि वाचणाऱ्याला ते मत कशावरून झाले हे तिथेच दिसते. सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरील असे प्रामाणिक मत कठोर असले तरी संरक्षणास पात्र ठरते. मतासाठी मवाळ भाषा वापरण्याची सक्ती कायदा करत नाही.

तिसऱ्या वाक्याशी थांबावे लागते. ‘बसच्या फीचे पैसे अध्यक्षांनी खाल्ले’ असे तुम्ही लिहिले आहे. पत्रात तुम्ही म्हणता की फी वाढली आणि बस वाढल्या नाहीत, मग पैसे जाणार कुठे? हा तुमचा तर्क आहे, आणि तो चुकीचाच आहे असेही मी म्हणत नाही. परंतु तुमच्याकडे संस्थेचे हिशेब नाहीत, आणि बस न वाढण्यामागे ढिसाळ कारभारापासून इंधनखर्चापर्यंत इतर कारणे असू शकतात. तर्काला वस्तुस्थितीच्या वेषात उभे केले की तो सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. चौथे वाक्य, ‘की अध्यक्षसाहेब तेवढे प्रामाणिक आहेत?’ हे तुम्हाला सुरक्षित वाटते, कारण तो प्रश्न आहे. तसे नाही. उपरोधाने किंवा ‘हे की ते’ अशा पर्यायाच्या रूपात केलेला आरोपही अब्रुनुकसानी ठरू शकतो, असे कायद्याच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. नाव न घेता लिहिले तर चालते, ही समजूतही अशीच फसवी आहे. शाळेचे नाव आणि पद लिहिले की माणूस ओळखू येतो, आणि कायद्याला तेवढे पुरते.

पाचवे वाक्य : ‘अशा माणसाला लोकांनीच धडा शिकवला पाहिजे.’ तुमच्या मनात बहिष्कार किंवा निदर्शने असतील. पण वाचणाऱ्या शेकडो लोकांपैकी एकाने दगड उचलला, तर हे वाक्य वेगळ्या प्रकाशात वाचले जाईल. श्रेया सिंघल निकालाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी संरक्षित आहेत, तिसरीला पोहोचल्यावर निर्बंध लागू होतो. तुमचे वाक्य तिसऱ्या पायरीवर आहे असे मला वाटत नाही, कारण त्यात हिंसेची हाक नाही. तरीही त्याने तुमच्या तक्रारीत काही भर पडत नाही, आणि समोरच्या वकिलाला मात्र ते पहिल्या परिच्छेदात उद्धृत करता येते. तसे त्यांनी केलेही आहे.

‘मी लिहिले ते खरे आहे’ या तुमच्या मुख्य आधाराकडे आता वळू. दिवाणी दाव्यात, म्हणजे भरपाईच्या दाव्यात, मजकूर खरा असल्याचे सिद्ध झाले की तो बचाव सामान्यतः पूर्ण ठरतो. फौजदारी कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेची कलमे ४९९ व ५००), केवळ सत्य पुरत नाही. ते सांगणे सार्वजनिक हिताचे होते हेही दाखवावे लागते. मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत ही दुसरी अट तुम्हाला जड जाणार नाही. अडचण येते ती ‘सद्भावपूर्वक’ या अटीची, जी या कलमाच्या बहुतेक अपवादांत आहे. मनात वाईट हेतू नव्हता एवढ्याने ती पूर्ण होत नाही. योग्य दक्षता व काळजी न घेता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक केली असे कायदा मानत नाही. तुम्ही बस पाहिलीत, छायाचित्र काढले, शाळेला विचारले : ही दक्षता. हिशेब न पाहता पैसे खाल्ल्याचा आरोप केलात : येथे दक्षता दिसत नाही, मग हेतू कितीही शुद्ध असो.

कोणाला सांगितले याला काय सांगितले याइतकेच महत्त्व आहे, आणि माझ्या अनुभवात वाचक याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत. त्यांतील आठवा अपवाद अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावपूर्वक केलेल्या तक्रारीला संरक्षण देतो. नववा स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक हिताच्या रक्षणासाठी सद्भावपूर्वक केलेल्या आरोपाला. आणि दहावा ज्याला सांगितले त्याच्या भल्यासाठी दिलेल्या सावधगिरीच्या सूचनेला. म्हणून ‘हिशेबांची चौकशी व्हावी’ असा अर्ज संबंधित अधिकाऱ्याकडे करणे, त्याच बसमध्ये मुले असलेल्या पालकांना सावध करणे आणि तोच मजकूर अनोळखी हजारो लोकांसमोर ठेवणे या तिन्हींना मिळणारे संरक्षण सारखे नाही. तुम्ही सर्वांत कमी संरक्षणाच्या जागेपासून सुरुवात केलीत. शाळेने तोंडी तक्रार ऐकली नाही म्हणून ते घडले, हे मी समजू शकते.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे मुख्यतः राज्यसंस्थेच्या हस्तक्षेपापासून मिळणारे संरक्षण आहे. वर उल्लेखलेल्या २०२३ च्या निकालात बहुमताने असेही म्हटले आहे की अनुच्छेद १९ व २१ मधील हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येऊ शकतात, आणि त्या विधानाचा विस्तार पुढे कसा होतो हे पाहण्यासारखे आहे. परंतु त्यातून एखाद्या पालकाने स्वतः चालवलेल्या ग्रुपवर तुमचा मजकूर ठेवलाच पाहिजे असे बंधन निर्माण होत नाही. तुमची लिहिण्याची मुभा गेलेली नाही. एक व्यासपीठ गेले आहे. अ‍ॅडमिनना बहुधा आपल्यावर कारवाई होईल अशी भीती वाटली असावी. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसल्यास, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून एखाद्यावर फौजदारी जबाबदारी येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. हे त्यांना शांतपणे कळवा. बचावात्मक झालेला माणूस कधी कधी माहितीने मोकळा होतो.

नोटिशीचे भय थोडे कमी करते. वकिलाची नोटीस म्हणजे खटला नव्हे. नोटिशीत ५० लाख लिहिणे फुकट असते. तोच आकडा दाव्यात लिहिला की त्यानुसार न्यायालय शुल्क भरावे लागते, आणि नुकसान काय झाले हेही दाखवावे लागते. अब्रुनुकसानीचा अपराध अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस परस्पर गुन्हा नोंदवून घरी येतील असे होत नाही. ज्याची बदनामी झाली त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करावी लागते, आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखल घेण्यापूर्वी तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा सामुदायिक सेवा अशी आहे. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष, फौजदारी फिर्यादीची तीन वर्षे. पोस्ट हटवण्याचा एकतर्फी तात्पुरता आदेश न्यायालयाने यांत्रिकपणे देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या प्रकरणात बजावले आहे. याचा अर्थ नोटीस केराच्या टोपलीत टाकावी असा मात्र नव्हे. उत्तर दिले नाही तर पुढे ‘संधी देऊनही दुरुस्ती केली नाही’ असे म्हणायला जागा राहते.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पतींची वाट, सर्व पुसून तयार मसुद्यावर सही करण्याची, सर्वांत सोपी दिसते. पण तो मसुदा मी वाचला. त्यात ‘मी केलेली सर्व विधाने खोटी व द्वेषमूलक होती’ असे वाक्य आहे. म्हणजे बसमध्ये जादा मुले नव्हती, असे तुम्ही लेखी कबूल कराल. उद्या त्या बसला अपघात झाला तर हे कबुलीपत्र कोणाच्या उपयोगाला येईल याचा विचार करा. मुलाची वाट ताठ आहे, पण ती तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यासाठी लढायला लावते, जिथे तुमच्या हाती काही नाही. मी तिसरी वाट सुचवेन. पोस्टची आज आहे तशी प्रत, तारीख-वेळ दिसेल अशी, आधी जपून ठेवा. छायाचित्रांच्या मूळ फाइल फोनमधून पुसू नका. डिजिटल पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते आणि मूळ साधन जवळ असेल तर ते सोपे जाते. मग पहिले आणि दुसरे वाक्य ठेवा, शेवटची तीन काढा, आणि खाली एक ओळ लिहा : आर्थिक गैरव्यवहाराविषयीची विधाने माझ्याकडे हिशेब उपलब्ध नसल्याने मागे घेत आहे, बसमधील स्थितीविषयीचे म्हणणे कायम आहे. दुरुस्ती म्हणजे कबुली, ही भीती तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. वेळेवर केलेली नेमकी दुरुस्ती तुमचा सद्भाव दाखवते. मोघम माफी तो झाकते.

नोटिशीचे उत्तर स्वतः लिहू नका. वकिलाचा खर्च परवडणार नाही असे तुम्ही म्हटले आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते, आणि त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. माझ्या या उत्तराचा उपयोग त्या वकिलांशी बोलताना प्रश्न काढण्यापुरता करा.

अशाच कात्रीत सापडलेल्या इतर वाचकांसाठी दोन भेद सांगते. तुमचे लिखाण लोकसेवकाच्या अधिकृत कामाबद्दल असेल तर तुमची स्थिती या भगिनींहून बरीच बळकट आहे. १९९४ च्या आर. राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकार किंवा स्थानिक संस्था अब्रुनुकसानीची भरपाई मागू शकत नाही, आणि लोकसेवकाला अधिकृत कृत्यांबद्दल ती मिळवायची तर लेखकाने सत्याची बेपर्वाई केली हे दाखवावे लागेल. दुसरा भेद धर्म, जात, समाजगट यांविषयीच्या मजकुराचा. तेथे भारतीय न्याय संहितेची कलमे १९६ आणि २९९ येतात, अपराध दखलपात्र असतो, आणि पोलीस थेट येऊ शकतात. कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकांवर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून नोंदवलेला असा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क नागरिकाला आहे असे त्यात म्हटले आहे. मजकुराचा परिणाम जोखताना कमकुवत आणि डळमळीत मनाचा नव्हे, तर समंजस व खंबीर माणूस डोळ्यांसमोर ठेवावा, ही नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी घालून दिलेली कसोटी त्या निकालात आणि पुन्हा मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरील गुन्हा रद्द करताना वापरली गेली. अर्थात दोन्ही ठिकाणी दिलासा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मिळाला, आणि तोपर्यंतची धावपळ कोणी भरून देत नाही. फक्त फॉरवर्ड केले, लिहिले नाही, हा बचाव दोन्ही प्रकारांत फार तग धरत नाही.

आता बसकडे परत यायला हवे, कारण नोटिशीने विषय तिथून हलवला आहे. महाराष्ट्रात शालेय बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार शाळेत परिवहन समिती असावी लागते. त्या समितीची बैठक मागणारा लेखी अर्ज मुख्याध्यापकांना पोच घेऊन द्या. दुसरा अर्ज छायाचित्रांसह प्रादेशिक परिवहन कार्यालयाला. फीच्या पैशांचे काय झाले हा प्रश्न तुम्हाला सोडायचा नसेल, आणि तो सोडावा असे मी म्हणणार नाही, तर शाळा चालवणाऱ्या संस्थेसारख्या सार्वजनिक न्यासाला लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. तिसरा अर्ज तेथे करा आणि त्यात कोणी पैसे खाल्ले असे न लिहिता कोणत्या वर्षीचा कोणता हिशेब तपासावा ते लिहा. शक्य असेल तर या अर्जांवर त्याच मार्गावरील आणखी पालकांच्या सह्या घ्या. यांपैकी कोणत्याही अर्जासाठी नोटिशीचे उत्तर जाईपर्यंत थांबण्याची गरज नाही.